शीर म्हणजे नेमके काय?

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. अभ्यासक्रमात जे असेल ते शिकवणे, उत्तरपत्रिका तपासणे आणि अधूनमधून चर्चासत्रांत निबंध वाचणे हे आमचे नेहमीचे काम. गेली काही वर्षे त्यात एका वेगळ्या कामाची भर पडली आहे. पुण्याच्या परिसरात आरोग्यविद्या शिकणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही मराठी शिकवायला जातो. वर्गात वैद्यकाचे, परिचर्येचे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी असतात. कोणी केरळचे, कोणी राजस्थानचे, कोणी बंगालचे. ‘नमस्कार’, ‘तुमचे नाव काय’, ‘कुठे दुखते’ अशा क्रमाने आमचा अभ्यास सुरू होतो, आणि पहिले दोन-तीन तास आपण काही उपयुक्त शिकवत आहोत असे आम्हांला वाटतेही.

हा समज एका विद्यार्थिनीने मोडला. मुळशी तालुक्यातल्या एका गावी आरोग्य शिबिराला ती गेली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने विचारले, “मॅडम, एक आजी पोटरीला हात लावून ‘शीर दुखते’ म्हणाल्या. शीर म्हणजे व्हेन, नर्व की टेंडन?” उद्या सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्या संध्याकाळी आम्ही कोश उघडले, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारले, आणि दुसऱ्या दिवशी जे उत्तर घेऊन गेलो ते असे : तिन्ही. शिवाय चौथा स्नायू.

‘हाताच्या शिरा फुगल्या’ यातली शीर ही रक्तवाहिनी असते. ‘कमरेची शीर दबली’ यातली शीर बहुधा मणक्यांतून निघणारा मज्जातंतू असते. ‘टाचेमागची शीर’ हा स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा असतो, आणि ‘मानेची शीर आखडली’ म्हणजे पुष्कळदा केवळ स्नायू ताठरलेला असतो. ‘शिरेवर शीर चढली’ या प्रयोगात तर शरीराचा कोणता भाग अभिप्रेत आहे हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही, मात्र दुखणे कसले ते त्याला पक्के ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातल्या मराठीत ‘शिरा’ म्हणजे अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणारी वाहिनी, एवढेच. म्हणजे मराठी पाठ्यपुस्तक मन लावून वाचलेला विद्यार्थी त्या आजींपाशी बसला, तर इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा तोच अधिक आत्मविश्वासाने चुकेल.

याच गोष्टीविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे. वैद्यकीय शिक्षण मराठीतून व्हावे की न व्हावे, या वादात दोन्ही बाजू ‘मराठी’ म्हणजे परिभाषा असे धरून चालतात. आमचे म्हणणे असे की परिभाषेचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न रुग्णाच्या मराठीचा आहे. शरीररचनाशास्त्र शिकवताना ती शिकवली जात नाही, आणि भाषेच्या तासालाही शिकवली जात नाही. या दुसऱ्या दोषाचे धनी आम्ही, म्हणजे मराठीचे अध्यापक आहोत.

‘शीर’ हा शब्द अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या शब्दावरून ‘न्यूरॉलॉजी’ हे नाव आले तो ग्रीक ‘न्यूरॉन’ शब्द मुळात कंडरा, धनुष्याची दोरी अशा अर्थाचा. ॲरिस्टॉटलच्या काळी मज्जातंतू आणि कंडरा यांच्यात भेद केला जात नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने मानवी शवांचे विच्छेदन केले आणि तो भेद स्पष्ट केला. जुन्या अर्थाची खूण आजही शरीररचनाशास्त्रात शिल्लक आहे. ‘ॲपोन्यूरोसिस’ म्हणजे पसरट कंडरा. त्याचा मज्जातंतूशी काही संबंध नाही, तरी नावात ‘न्यूरो’ आहेच. मुळशीतल्या आजींची ‘शीर’ आणि प्राचीन ग्रीकांचा ‘न्यूरॉन’ एकाच अनुभवातून आलेले आहेत : कातडीखाली हाताला लागणारे, ताणले जाणारे, दुखणारे काहीतरी.

विच्छेदनगृहात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची अवस्था याहून वेगळी नसते. पुस्तकात धमनी लाल, शिरा निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या देहात हे सगळे जवळपास एकाच मातकट रंगाचे झालेले असते. मग शिक्षक बोटांनी ओळखायला शिकवतात : धमनीची भिंत जाड, शिरा चपटी पडलेली, मज्जातंतू भरीव, त्याला पोकळी नाही. ‘शीर’ या एका शब्दातून चार वस्तू वेगळ्या काढण्याचे जे काम माणसाच्या ज्ञानाने शतकानुशतके केले, ते विद्यार्थी त्या टेबलापाशी काही महिन्यांत पुन्हा करतो. शरीररचनाशास्त्राचे शिक्षण हे एका परीने शब्दाचा अर्थ नेमका करत जाण्याचेच शिक्षण आहे, असे आम्हांला वाटते.

मात्र त्या टेबलावरचा देह बोलत नाही. २०१९ पासून देशात लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ अशा अर्थाचा एक स्वतंत्र घटक आहे. तो असावा हे उत्तमच. महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह अध्यापनासाठी मिळण्याची सोय झाली. पुण्यात १९५६ साली शिक्षणतज्ज्ञ पांडुरंग श्रीधर आपटे यांचा देह बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला दान करण्यात आला, ती येथील पहिली नोंद मानली जाते. ‘बेवारस’ आणि ‘देहदान’ या दोन शब्दांमध्ये किती अंतर आहे! पहिल्यातला माणूस विचारायला कोणी नाही म्हणून तेथे आलेला असतो, दुसऱ्यातला स्वतः ठरवून. आपली वृत्तपत्रे मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केलेली उत्तरीय तपासणी आणि अध्यापनासाठी केलेले विच्छेदन या दोहोंना सरसकट ‘शवविच्छेदन’ म्हणतात, आणि लोक दोहोंना ‘चिरफाड’ म्हणतात. देहदानाची गोष्ट काढली की गावातला माणूस विचारतो, “मग माती कशाची द्यायची?” हा प्रश्न अज्ञानाचा नाही. मुळशीच काय, साऱ्या महाराष्ट्रात अंत्यविधीला जाणे म्हणजे ‘मातीला जाणे’. ज्याच्या भाषेत मृत्यूनंतरचे कर्तव्य ‘माती’ या शब्दात साठवलेले आहे, त्याच्याशी त्या शब्दाचा मान राखूनच बोलावे लागते.

तर, पहिला शिक्षक मुका असतो. दुसरा शिक्षक म्हणजे रुग्ण. तो बोलतो, आणि महाराष्ट्राच्या खेड्यात मराठीत बोलतो.

मुळशी म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. आज या तालुक्याची दोन टोके आहेत. पूर्वेला हिंजवडीचे संगणक उद्योग आणि लवळ्याच्या टेकडीवरची विद्यापीठीय संकुले, पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटाकडची भातखाचरे, धनगरपाडे, कातकरी वस्त्या. लवळ्याला २०२० साली सिंबायोसिसचे खास मुलींसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळवण्यासाठी फिलाडेल्फियाला जावे लागले, १८८६ साली त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच पुणे जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात आज देशभरातून मुली वैद्यक शिकायला येतात, ही मोठीच घटना आहे. परंतु या मुलींसमोर, आणि राज्यातल्या अशा प्रत्येक महाविद्यालयातल्या परप्रांतीय विद्यार्थ्यांसमोर, एकच प्रश्न उभा राहतो : समोरचा माणूस आपल्या शरीराविषयी जे सांगतो आहे ते कोणत्या भाषेत ऐकायचे?

परिभाषेचा इतिहास येथे थोडक्यात आठवणे गरजेचे आहे. मुंबईत १८२६ साली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली होती. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. १८३२ साली ती बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून, तरी पुढे १८६० च्या दशकात तेथेही देशी भाषांतले वर्ग चालले. म्हणजे मराठीतून वैद्यक ही कल्पना कालपरवाची नव्हे. आपल्या काळात मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या विषयांची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित केली. त्यांत पुष्कळ संज्ञा इंग्रजीच ठेवून नागरीत लिहिल्या आहेत. महाराष्ट्रातही त्यानंतर मराठीची घोषणा झाली. आपल्या भाषा संचालनालयाचा शारीर परिभाषा कोश तर केव्हाचा तयार आहे.

कोश असावेतच, त्यांची थट्टा करण्याची मराठी अध्यापकांतली फॅशन आम्हांला मान्य नाही. तथापि एका साध्या उदाहरणावरून त्यांची मर्यादा दिसते. मेंदू आणि त्यापासून निघणाऱ्या तंतूंच्या जाळ्याला मराठीत निदान तीन नावे आहेत. जुनी पिढी ‘मज्जासंस्था’ म्हणते, शालेय पुस्तके ‘चेतासंस्था’ म्हणतात, विश्वकोश ‘तंत्रिका तंत्र’ म्हणतो. ‘मज्जा’ म्हणजे आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी एक, हाडांच्या आतला मगज. त्याचा मज्जातंतूंशी संबंध काय, असा आक्षेप घेतला जातो. पण लॅटिनमध्ये ‘मेड्युला’चा अर्थही मगज असाच आहे आणि मेंदूच्या तळच्या भागाला पाश्चात्त्य वैद्यक आजही ‘मेड्युला’च म्हणते. आपले ‘मज्जारज्जू’ हे त्याच कल्पनेचे अपत्य दिसते. ‘चेता’ शब्दात चेतना आहे, परंतु आतड्याची हालचाल चालवणाऱ्या तंतूंचे काम आपल्या जाणिवेबाहेर चालते. ‘तंत्रिका’ शब्दात वीणेची तार आहे. ही तार छान असली तरी पौडच्या बाजारात तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही.

त्यातून संस्कृत शब्द घेतला म्हणजे तो भारतभर चालेल, ही समजूतही आमच्या वर्गात टिकली नाही. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसाचा आकुंचन पावणारा भाग. आमच्या बंगाली विद्यार्थिनीच्या भाषेत तोच शब्द मज्जातंतूसाठी वापरतात. मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक, हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे अख्खा स्नायू. ‘स्नायू दुखतो’ हे साधे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले, तेव्हा तीन राज्यांतल्या विद्यार्थ्यांनी त्याचे तीन अर्थ केले.

मग विद्यार्थ्याने शिकायचे काय? येथे आम्हांला एका निवृत्त मेंदूविकारतज्ज्ञ स्नेह्याची मदत झाली. त्यांनी सांगितले की मेंदूच्या आजाराचे निम्मे निदान रुग्णाची हकीकत ऐकतानाच होत असते, आणि ती हकीकत घेण्याचे प्रश्न घरच्याच भाषेत विचारावे लागतात. त्यांचा पहिला प्रश्न असे : “चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली तर कळते का?” चप्पल निसटते आणि ते कळते, तर पाऊल वर उचलणारे स्नायू दुबळे झालेले असण्याचा संभव. निसटते आणि कळतही नाही, मागून कोणीतरी सांगते, तर तळव्याची संवेदना गेलेली. एका चपलेवरून प्रेरक आणि संवेदी तंतूंचा भेद ठरतो. भात कालवता येतो का? येत नसेल तर बोटांच्या लहान स्नायूंकडे पाहा. अंबाडा घालताना हात वर राहत नाहीत? तर खांद्याकडे. उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही? तर कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंकडे. सकाळी तोंड धुताना, डोळे मिटले की तोल जातो? तर सांध्यांची स्थिती मेंदूला कळवणारे, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जाणारे तंतू तपासा, कारण डोळ्यांचा आधार गेल्याबरोबर त्यांचे अपयश उघडे पडते.

हे ऐकताना आम्ही थक्क झालो. चप्पल, भात, अंबाडा, तोंड धुणे : हे सारे आमचे, म्हणजे साहित्याच्या लोकांचे क्षेत्र. या शब्दांतून मज्जारज्जूचा आडवा छेद उभा राहतो हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांना तो छेद पाठ आहे त्यांना ‘कालवणे’ म्हणजे काय ते कोणी सांगितलेले नाही.

मराठी माणूस आपल्या वेदनेला जी नावे देतो त्यांची नुसती यादी करून पाहावी : कळ, चमक, ठणका, ठुसठुस, जळजळ, हुळहुळणे, शिवशिवणे, मुंग्या येणे, बधिर होणे, जड होणे. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो, चमक क्षणात निघून जाते, कळ एका जागेहून दुसरीकडे जाते. मुंग्या तर वैद्यकाच्या परिभाषेतही आहेत. अंगावर काही सरपटल्याचा भास होतो त्याला ‘फॉर्मिकेशन’ म्हणतात, आणि ‘फॉर्मिका’ म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. ‘चक्कर’ या शब्दाची उकल तर प्रत्येक विद्यार्थ्याला यायला हवी. घर गरगर फिरते असे म्हणणारा रुग्ण आतल्या कानाकडे किंवा लहान मेंदूकडे बोट दाखवत असतो. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणणारा मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्याकडे. कागदावर दोघांच्याही नावापुढे एकच इंग्रजी शब्द लिहिला, की शरीरातल्या दोन दूरच्या जागा एक होऊन जातात.

याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आम्ही घरात पाहिले आहे. आमच्यापैकी एकाची आत्या पौडच्या पलीकडे एका वाडीवर राहत असे. एका पावसाळ्यात सकाळी तिच्या हातातली बादली सुटली, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली. घरच्यांनी ‘वारं गेलं’ असे ओळखले. अंगावरून वारे जाणे म्हणजे पक्षाघात. नावात वारे आहे, म्हणून उपायही वाऱ्याचा : उबदार तेल लावून हातपाय चोळणे. त्यात वेळ गेला. मग गाडी मिळाली, आणि अकराच्या सुमारास ती शहरातल्या एका रुग्णालयात पोहोचली. तेथल्या नवशिक्या डॉक्टरने आतोबांना विचारले, हे केव्हा सुरू झाले? आतोबा म्हणाले, “दिवस कासराभर वर आला तवर चांगली होती. गोठा झाडून आली, अन् मग.” कागदावर नोंद झाली : सकाळी, नक्की वेळ अज्ञात.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज मेंदूविकारतज्ज्ञ सांगतात. सुरुवातीची वेळ नक्की नसेल, तर रक्तस्रावाचा धोका असल्यामुळे ते औषध देणे सहसा टाळतात. अलीकडे काही ठिकाणी विशेष तपासण्या करून ही मर्यादा ओलांडता येते, पण त्या सर्वत्र उपलब्ध नसतात. आत्याला औषध मिळाले नाही. ‘कासराभर दिवस’ म्हणजे सूर्य क्षितिजावरून बैलाच्या कासऱ्याएवढा वर आलेला. त्या दिवसांत उजाडते सहाच्या पुढे. म्हणजे आतोबा साडेसातच्या आसपासची वेळ सांगत होते, आणि अकरा वाजता साडेतीन तास झाले होते. मिळाले असते तर ती बरी झाली असती, असा दावा आम्ही करत नाही. त्या औषधाने सगळेच बरे होत नाहीत, आणि कदाचित अन्य कारणानेही ते तिला चालले नसते. आम्ही एवढेच म्हणतो की आतोबांनी वेळ सांगितली होती. अज्ञात होता तो शब्द.

त्या डॉक्टरला दोष देण्याची आमची इच्छा नाही. ‘कासराभर दिवस’ याचा अर्थ ग्रामीण कथा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. विद्यार्थ्यांनी तो दोन गुणांसाठी लिहिला, आणि आम्ही त्याला प्रादेशिक रंग म्हटले. हा शब्द वेळ सांगतो आणि त्या वेळेवर कोणाचा उजवा हात अवलंबून असू शकतो, ही गोष्ट आम्ही कधी कोणाला सांगितली नाही.

अशी उदाहरणे एका ‘अंग’ शब्दाचीच घेता येतील. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे पक्षाघात. ‘अंगावरून जाते’ म्हणजे रक्तस्राव किंवा पांढरे जाणे. ‘अंग बाहेर येते’ म्हणजे गर्भाशय खाली सरकलेले. ‘अंगात येते’ हा वेगळाच प्रांत, आणि तेथे फेफऱ्याशी गफलत होऊ शकते. यांतले बहुतेक प्रयोग बायका खालच्या आवाजात, एकदाच करतात. समोरच्या मुलीला कळले नाही असे दिसले की पुन्हा सांगत नाहीत.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, वॉर्डातल्या मावशी आणि मामा भाषांतर करून देतात. देतात हे खरे, आणि त्यांच्याशिवाय रुग्णालये चालणार नाहीत. पण मध्यस्थ आपल्याला महत्त्वाचे वाटेल तेवढेच पुढे पोहोचवतो. ‘चप्पल निसटते ते कळतही नाही’ यातले ‘कळतही नाही’ मध्येच गळून जाते, आणि निदान त्यातच होते. दुसरा आक्षेप, आता खेड्यातले लोकही ‘पॅरालिसिस’, ‘शुगर’, ‘बीपी’ म्हणतात. म्हणतात, आणि तेही मराठीच आहे. ‘गॅस झालाय’ म्हणून छातीत दुखणे अंगावर काढणारा माणूस इंग्रजी बोलत नसतो. त्या ‘गॅस’चा अर्थही शिकावाच लागतो. रुग्णाची मराठी म्हणजे जुन्या शब्दांचे संग्रहालय असा आमचा आग्रह नाही. तिसरा आक्षेप वेळेचा. २०१९ च्या अभ्यासक्रमात पायाभूत वर्गाच्या १७५ तासांपैकी ४० तास भाषा आणि संगणक यांसाठी राखले होते. पुढे या हिशेबात बदल झाले. तास थोडे आहेत हे मान्य. पण ज्या थोड्या तासांत आम्ही ‘बाजारात भाजी घेताना’ हा संवाद पाठ करून घेतला, ते तरी आमच्याच हातात होते ना?

आम्हांला सुचते ते असे. भाषेचा तास सुट्या वर्गात न घेता शरीररचनेच्या तासाला जोडून घ्यावा. ज्या आठवड्यात विद्यार्थी पायाचे मज्जातंतू विच्छेदित करतात, त्याच आठवड्यात ‘मुंग्या’, ‘बधिर’, ‘चप्पल निसटणे’ हे शब्द शिकवावेत. ज्या आठवड्यात लहान मेंदू शिकवला जातो, त्या आठवड्यात ‘चक्कर’, ‘घेरी’ आणि ‘अंधारी’. शरीररचनेचा अध्यापक आणि मराठीचा अध्यापक एकाच वर्गात उभे राहिले, तर दोघांनाही काही शिकता येईल. आम्ही दोन वेळा असे करून पाहिले आहे. विच्छेदनगृहात शिरताना आमचे पाय लटपटत होते, हे कबूल केलेले बरे. तेथे विद्यार्थिनींनी आम्हांला पायातला मज्जातंतू दाखवला, आणि आम्ही त्यांना त्याच्या दुखण्याची नावे सांगितली.

दुसरी सूचना आमच्याच विभागांसाठी. एम. ए.च्या प्रकल्पांतून त्याच त्या कादंबऱ्यांतल्या स्त्री-प्रतिमा दर वर्षी शोधल्या जातात. त्यांतला एखादा प्रकल्प वाडीवस्तीवर जाऊन, लोक आपल्या शरीराविषयी कसे बोलतात ते ऐकण्याचा का नसावा? शब्द, तो कोण कोणापाशी वापरतो, बोलताना हात कोठे जातो, वेळ कशी सांगितली जाते : एवढे टिपले तरी पुष्कळ झाले. त्याची परिभाषा करू नये, प्रमाणीकरण तर नकोच. डॉक्टरने तो शब्द बोलावा अशीही अपेक्षा नाही. परप्रांतीय मुलीने ‘कासराभर’ म्हटले तर वाडीवरचे लोक हसतील. तिने तो ऐकून ओळखावा, इतकेच.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात आम्हीही सामील होतो. भाषेच्या प्राचीनत्वाचे पुरावे शिलालेखांत असतात, तसे तिच्या जिवंतपणाचे पुरावे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत असतात. त्या रांगेतली माणसे दुखणे अंगावर काढून, फारच झाल्यावर तेथे आलेली असतात.

त्या विद्यार्थिनीला आम्ही ‘शीर’ची चार उत्तरे दिली, तेव्हा तिने वहीत चारही लिहून घेतली आणि विचारले, “मग त्या आजींची शीर यांतली कोणती?” आम्ही म्हणालो, ते आम्हांला येथे बसून सांगता येणार नाही. त्यांना विचारावे लागेल : केव्हा दुखते, चालताना की रात्री, आखडते की जळते. पुढच्या शिबिरात ती पुन्हा त्या गावी गेली आणि तिने ते विचारले. आजी अर्धा तास बोलत होत्या असे तिने सांगितले. त्यातले किती कळले, असे आम्ही विचारल्यावर ती म्हणाली, “निम्मे. पण दुखते ती व्हेन नाही, हे नक्की कळले.”